जांभळा बेडूक: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला शिंतोडा पडला रे पडला, की बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो व्हिडिओ फिरू लागतो. गोल गरगरीत, जांभळट, नाकाचा शेंडा पांढरा असा एक प्राणी ओल्या मातीतून स्वतःला ढकलत बाहेर येतोय. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘वर्षातून एकदाच दर्शन देतो, अकरा जणांना पाठवा, भाग्य उजळेल.’ भाग्याचं राहू द्या. मी बेडकांवर चार ठिकाणी बोलायला जातो, त्यामुळे या व्हिडिओखालचे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. दांडिया बाजारातल्या काकांपासून कारेलीबागेतल्या सातवीच्या मुलापर्यंत सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

हा खरा प्राणी आहे, की कॉम्प्युटरवर केलेला?

खरा आहे. शास्त्रीय नाव नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. डॉ. एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बॉसाइट यांनी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात त्याचं वर्णन छापलं. नमुना केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या कट्टप्पना परिसरातला होता. नवीन जात सापडणं ही बेडकांच्या जगात रोजची नसली तरी अधूनमधून येणारी बातमी असते. इथे मात्र जात नवी, प्रजाती नवी आणि वर अख्खं कुळच नवं निघालं. कुळ नवं निघण्याचा योग कित्येक दशकांत आला नव्हता, म्हणून जगभर गाजावाजा झाला.

व्हिडिओतले काही मात्र खोटे असतात. बेडूक झगझगीत वांग्याच्या रंगाचा आणि डोळे मोठे, पाणीदार दिसत असतील, तर तो बनवलेला आहे असं समजा. खऱ्याचे डोळे बारीक मण्यांएवढे असतात. जमिनीखाली मोठ्या डोळ्यांचं करायचं काय?

मग खरा दिसतो तरी कसा?

मोठी मादी साधारण सात सेंटिमीटर. नर तिच्यापुढे अगदीच किरकोळ. अंग फुगीर, डोकं त्या मानाने लहान, पुढे निमुळतं होत गेलेलं आणि टोकाला पांढुरका उंचवटा. कातडी गुळगुळीत. पाय आखूड पण दणकट, आणि मागच्या तळव्याला कुदळीच्या पात्यासारखा टणक उंचवटा. रंग राखाडीकडे झुकलेला जांभळा. उंधियूसाठी सोलून ठेवलेला जांभळा कंद थोडा वेळ हवेत राहिला की कसा मंद पडतो, तसा.

काही जण त्याला ‘जगातला सगळ्यात कुरूप बेडूक’ म्हणतात. मला ते पटत नाही. मातीतून वाट काढायची, वाळवीच्या बोगद्यात नाक खुपसायचं आणि मागच्या पायांनी माती उपसायची, एवढी तीन कामं पुढ्यात ठेवून कुणी प्राणी घडवायला बसलं, तर यापेक्षा वेगळं काही हातून होणार नाही.

नावात सह्याद्री आहे, मग महाराष्ट्रात का नाही सापडत?

हा प्रश्न खास आपल्या लोकांचा. सह्याद्री म्हटलं की आपल्याला राजगड, हरिश्चंद्रगड, फार तर आंबोलीपर्यंतचा घाट आठवतो. शास्त्रज्ञांनी मात्र तो शब्द तापीपासून कन्याकुमारीजवळच्या डोंगरांपर्यंतच्या सगळ्या पश्चिम घाटासाठी वापरला आहे. जांभळ्या बेडकाचा मुलूख या रांगेच्या पार दक्षिणेकडच्या टोकाला, केरळ आणि त्याला लागून असलेल्या तमिळनाडूच्या डोंगरांत आहे. वेलदोड्याचे डोंगर, अन्नामलै आणि आसपासचा भाग. त्याची महाराष्ट्रातली किंवा डांगमधली नोंद नाही.

आपला घाट आणि त्याचा घाट वरून एकसारखे हिरवे दिसले तरी खाली खडक वेगळा आहे. महाराष्ट्रातला सह्याद्री बहुतेक काळ्या बसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. केरळातले डोंगर त्याहून फार जुन्या खडकांचे, लाव्हाच्या आधीपासून तिथे उभे असलेले.

इतका ठळक प्राणी 2003 पर्यंत कुणाला दिसला कसा नाही?

दिसला होता. ही गोष्ट व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

1918 मध्ये नेल्सन ॲनान्डेल यांनी दक्षिण भारतातल्या डोंगरी ओढ्यांमधल्या काही अनोळखी टॅडपोलांचं वर्णन छापलं होतं. हे ॲनान्डेल म्हणजे भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. त्या टॅडपोलांमध्ये एक विचित्र पिल्लू होतं. त्याचं तोंड खालच्या बाजूला आणि कातळाला चिकटून राहता येईल असं होतं. पण पिल्लू मोठं झाल्यावर कोणता बेडूक होतो, हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्या ओढ्यांच्या आसपास तसा मोठा बेडूक सापडतच नव्हता. मोठा सापडला पाऊणशेहून जास्त वर्षांनी. मग दोघांचा डीएनए जुळवून पाहिला तेव्हा पिल्लाला आईबाप मिळाले.

हे झालं कागदावरचं. त्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांना हा प्राणी आधीपासून माहीत होता. शेतात, बागेत खणताना वर यायचा, पहिल्या पावसात ओढ्याकाठी दिसायचा. मल्याळममध्ये त्याला पाताळ-तवळ म्हणतात, तवळ म्हणजे बेडूक. मावेलीचा, म्हणजे महाबळीचा बेडूक असंही म्हणतात. वर्षातून एकदा प्रजेला भेटायला पाताळातून वर येणारा तो बळीराजा केरळला ओणमला भेटतो. आपण पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो, तोच हा. त्यामुळे ‘शोध लागला’ हे वाक्य मी जपून वापरतो. 2003 मध्ये त्याला शास्त्राच्या वहीत नाव मिळालं, इतकंच.

मोठा बेडूक अभ्यासकांच्या हाती उशिरा लागला याचं कारण साधं आहे. आपण बेडूक शोधतो ते डबक्याकाठी, पानावर, दगडाखाली, आणि शोधतो तो पावसाळा ऐन रंगात आल्यावर. हा राहतो मीटर-दोन मीटर खोल, कधी त्याहूनही खाली, आणि पावसाळा रंगात येईपर्यंत याचं वरचं काम आटोपलेलं असतं.

तो डायनासोरच्या काळातला आहे म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. त्याचा वंश जुना आहे. तो बेडूक स्वतः, म्हणजे आज इडुक्कीच्या मातीत बसलेली ही जात, जशीच्या तशी डायनासोरांच्या पायांखाली होती असं कुणी सिद्ध केलेलं नाही. तसं पाहिलं तर आपल्या अंगणातल्या बेडकाचेही पूर्वज तेव्हा होतेच. त्याशिवाय तो आज कुठून आला असता? ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द वर्तमानपत्रांना फार आवडतो, म्हणून सावध करतो.

मग जुना वंश म्हणजे नेमकं काय? जांभळ्या बेडकाचे सगळ्यात जवळचे नातेवाईक भारतात नाहीतच. ते आहेत हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. तिथल्या सूग्लॉसिडी कुळात जेमतेम चार जाती, आणि त्यातला गार्डिनरचा बेडूक नखाएवढा, जगातल्या सगळ्यात लहान बेडकांपैकी एक. त्याला मधला कान आणि कानाचा पडदा नाही, तोंडाच्या पोकळीतून तो आवाज ऐकतो. असा चिमुकला जीव आणि आपला हा जांभळा गोळा, दोघं चुलत चुलत भाऊ. दोन्ही घराणी वेगळी झाली त्याला दहा कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला.

मधे एवढा समुद्र असताना हे नातं जुळतं कसं? बेडकाला खारं पाणी सोसत नाही, समुद्र पोहून जाणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. इथे बेडूक हलले नाहीत, जमीन हलली. भारत, मादागास्कर आणि सेशेल्स एकेकाळी एकाच भूखंडाचे तुकडे होते. मादागास्कर साधारण पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी सुटलं. सेशेल्स सुटलं साडेसहा कोटींच्या आगेमागे, आणि भारत उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन भिडला. बेडकांची घराणी जमीन फुटण्याच्या आधीच वेगळी झाली होती. नंतर एक इकडच्या तुकड्यावर राहिलं, एक तिकडच्या.

सेशेल्स सुटत होतं त्याच सुमाराला पश्चिम भारतात दख्खनचे लाव्हा उसळत होते. बडोद्याहून नवरात्रात माचीपर्यंत जाऊन आपण पावागडाचा जो काळा-करडा कडा बघतो, तो त्याच उलथापालथीतला. या बेडकाचा एवढा एकच धागा बडोद्याला येऊन लागतो. मुलांना दाखवायला तो पुरेसा आहे.

जमिनीखाली खातो काय?

मुख्यतः वाळवी. टोकदार नाक वाळवीच्या बोगद्यात घुसवायचं आणि जीभ पुढे करून तिला ओढून घ्यायचं. डबक्यातला मोठा बेडूक मिळेल ते गिळतो, अगदी दुसरा बेडूकसुद्धा. याचं तोंड लहान आहे. पावसाळ्यात वर आल्यावर तो मेजवानी करत असेल असं वाटतं, पण खाणं सगळं खालीच चालतं.

‘वर्षातून एकच दिवस वर येतो’ हे बरोबर आहे का?

एकच दिवस नाही, पण फार दिवसही नाहीत. मे महिन्यातल्या वळवाच्या सरींपासून मॉन्सून स्थिरावेपर्यंत, साधारण पंधरवड्याचा खेळ असतो. माती खोलवर भिजते, सुके पडलेले ओढे वाहू लागतात आणि नर ओढ्याच्या काठाशी, मातीच्या पातळ थराखालीच बसून ओरडायला लागतात. बाहेर कुणी दिसत नाही आणि पायाखालून कोंबडी पुटपुटल्यासारखा ‘क्लक, क्लक’ आवाज येतो. माहीत नसलेला माणूस दचकतोच.

मादी वर येते, लहानखुरा नर तिच्या पाठीवर चढून कंबरेपाशी धरून बसतो, आणि ती त्याला घेऊन ओढ्याकडे चालू लागते. अंडी ओढ्याच्या कातळातल्या खळग्यांत आणि फटींत, हजारोंनी. एवढं झालं की दोघं पुन्हा मातीत. मागचे पाय आळीपाळीने माती बाजूला सारतात आणि बेडूक मागच्या बाजूने खाली उतरत जातो.

‘पाऊस पडावा म्हणून बेडकाचं लग्न लावतात, त्यात हाच असतो का?’ असंही एकदा विचारलं गेलंय. नाही हो. ते बिचारे आपले डबक्यातले.

अंडी वाहून जात नाहीत?

काही जातात. जोराचा लोंढा आला तर बरीच. हजारोंनी घालायची त्याचं कारण तेच. पण खरी गंमत अंड्यांनंतर सुरू होते, आणि मला विचाराल तर या बेडकात पाहण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे.

टॅडपोल म्हटलं की आपल्याला साचलेलं पाणी आठवतं: पावसानंतरचं मैदान, काळ्या ठिपक्यांची वळवळ, मुलांनी काचेच्या बाटलीत भरून आणलेली. जांभळ्या बेडकाचे टॅडपोल उतारावरून कोसळणाऱ्या पाण्यात वाढतात. वाकून पाहिलं तर आधी काहीच कळत नाही, कातळावर गर्द डाग आहेत एवढंच. मग एक डाग बोटभर वर सरकतो. डोकं पुढून चपटं, तोंड पोटाच्या बाजूला, आणि त्या तोंडाभोवती ओठांची गोल चकती. ती कातळाला टेकवून तो चिकटून बसतो. शेपटी मागे प्रवाहात लवलवत राहते, अंग मात्र जागचं हलत नाही. तोंडातल्या बारीक दातांच्या ओळींनी दगडावरचं शेवाळ खरवडत तो इंचाइंचाने पुढे जातो. शेजारी शेजारी कितीतरी, सगळ्यांची तोंडं वरच्या अंगाला. वरून पाण्याचा मारा चालू, आणि यांची न्याहारी सुरू.

असे साधारण शंभर दिवस. तेवढ्यात पाय फुटतात, शेपटी जिरते आणि इवलासा बेडूक ओढा सोडून मातीत शिरतो. तो थेट मोठा झाल्यावर, जोडीदार शोधायलाच वर येणार.

आता हिशेब करा. मोठा बेडूक वर्षाचे पन्नास आठवडे जमिनीखाली. त्याला वाघासारखं राखीव रान लागत नाही, वेलदोड्याच्या बागेखालीही तो राहू शकतो. पण ओढा सलग तीनेक महिने वाहता राहिला नाही, तर त्या वर्षीची पिढी संपली. लोक बेडूक बघायला धावतात. बघायचा असतो तो ओढा.

विषारी आहे का? हात लावला तर?

त्याच्या विषाने माणसाला काही झाल्याची नोंद नाही. पण हात लावू नका. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. बेडूक कातडीतूनही श्वास घेतात आणि पाणी शोषतात, आणि आपल्या हाताला सनस्क्रीन, डास पळवणारं मलम, मीठ काय काय असतं.

तिथले लोक हे बेडूक खातात असं वाचलं. खरं?

मोठे बेडूक नव्हे, मुख्यतः टॅडपोल. इडुक्की भागातल्या काही आदिवासी वस्त्यांमध्ये पावसाळ्यात ओढ्यातले टॅडपोल गोळा करून खाण्याची रीत आहे. आशिष थॉमस आणि बिजू यांनी 2015 मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि हा या बेडकाला थेट धोका असल्याचं नोंदवलं. धोका आहे हे उघड आहे. पिल्लं एकाच कातळावर दाटीने बसत असतील, तर एका सकाळीत अख्खा ओढा रिकामा होऊ शकतो.

पण हे वाचून आपल्या ग्रुपवर जी ‘किती रानटी लोक’ छापाची चर्चा झाली, ती मला आवडली नाही. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या वर्षाला हजारो टनांनी युरोप-अमेरिकेला जात होत्या, ते 1987 मध्ये बंदी येईपर्यंत. आणि बारावी-बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून बेडूक फाडणारी आमची पिढी अजून हयात आहे. पावसाळ्यातले चार दिवस पिल्लं खाणाऱ्या माणसाला त्या ओढ्याची जितकी माहिती असते तितकी दुसऱ्या कुणाला नसते. कोणत्या वर्षी ओढा उशिरा वाहिला, कुठल्या कातळावरची पिल्लं कमी झाली, हे तोच सांगू शकतो. राखायचं असेल तर त्याला सोबत घेऊनच राखता येईल.

मग मुख्य धोका कशाचा?

मी क्रम लावला तर ओढ्याचा पहिला. डोंगरात जागोजागी छोटे बंधारे घातले की खालच्या कातळावरचं पाणी मंदावतं किंवा तुटतं, आणि वर साचलेल्या संथ पाण्यात या टॅडपोलांच्या चिकटून राहण्याला काही अर्थ उरत नाही. बंधारा वाईटच असतो असं नाही, खाली राहणाऱ्यालाही पाणी हवंच. पण तो कुठल्या ओढ्यावर आणि कातळाच्या वर की खाली, याने फरक पडतो.

दुसरं, जंगल तोडून कॉफी, वेलदोडा, आल्याची लागवड. सावली ठेवून केलेली बाग बेडूक बऱ्यापैकी सोसतो. उघडी केलेली, फवारलेली जमीन नाही. तिसरं, रस्ते. मिलनाच्या रात्री मादी पाठीवर नर घेऊन सावकाश चालत निघालेली, पावसाने काच धूसर झालेली आणि समोरून मोटार. पुढचं सांगायला नको.

आणि पाऊस स्वतः. वळीव जोरात पडून बेडूक वर आले, अंडी घातली आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, तर खळगे सुकतात. पावसाचं वेळापत्रक बिघडल्याचा फटका शेतकऱ्याला दुबार पेरणीत बसतो. या बेडकाला त्या वर्षी दुबार पेरणीची सोय नाही.

धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली तेव्हा मोजक्याच जागा माहीत होत्या. पुढे लोकांनी नेमक्या वेळी, नेमक्या ओढ्यांवर शोधलं, तेव्हा आणखी ठिकाणी सापडला. ही चांगली बातमी आहे, पण ‘भरपूर आहेत’ असा तिचा अर्थ काढू नये.

या कुळात हा एकटाच का?

2017 पर्यंत एकटा होता. त्या वर्षी तमिळनाडूतल्या श्रीविल्लिपुत्तूरच्या अभयारण्यातून दुसरी जात जाहीर झाली, नासिकाबॅट्राकस भूपती. कोइमतूरच्या सलीम अली पक्षिविज्ञान केंद्रातले सरीसृप आणि उभयचरांचे अभ्यासक एस. भूपती 2014 मध्ये डोंगरातच, काम करताना पडून गेले. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. ही जात घाटाच्या पूर्व उतारावरची. तिकडे जूनचा पाऊस अडतो आणि खरा पाऊस येतो परतीच्या मॉन्सूनला, ऑक्टोबरनंतर. तर हा भाऊही ऑक्टोबरनंतरच वर येतो. एकाच डोंगररांगेच्या दोन बाजू, दोघांची घड्याळं वेगळी.

आपल्या बडोद्यात जमिनीत राहणारे बेडूक आहेत का?

आहेत की! जांभळा नाही, पण पुरून राहणारे आहेत. विश्वामित्रीच्या मगरींपुढे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही एवढंच. पावसाळ्यात मगर सोसायटीच्या फाटकात आली की सगळे फोन घेऊन धावतात, आणि मागच्या कुंडीत दुसरं नाटक चालू असतं ते तसंच राहून जातं.

भुसभुशीत मातीत राहणारा स्फीरोथीका नावाचा ठेंगणा, मातकट बेडूक शहराच्या कडेच्या बागांत, शेतांत सापडतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तो वर असतो. सकाळी उजाडताना बघायला मिळाला तर त्याला हलवू नका, नुसतं बसून बघा. तो वळत नाही, तोंड तुमच्याकडेच ठेवतो. मागचा एक पाय बाजूला सरकतो, मग दुसरा, कंबर डावी-उजवीकडे हलते आणि मागचा भाग खचत जातो. माती कडेने आत ओघळते. पाठ गेली, मग खांदे, आणि शेवटी मातीच्या पातळीला नुसते दोन डोळे. ते मिटले की कुंडीत काही होतं असं कुणाला खरं वाटणार नाही. जांभळा बेडूक जमिनीत शिरतो तो याच पद्धतीने. घरबसल्या याहून जवळ जाता येत नाही.

फुगीर, गोल अंगाचा, वाळवी आणि मुंग्यांवर जगणारा उपेरोडॉनही गुजरातेत आहे. त्याच्या अंगाचा आकार जांभळ्याची आठवण करून देतो, पण नातं लांबचं. दोघांनी मातीत राहून वाळवी खाल्ली, म्हणून दोघं सारखे दिसू लागले.

महाराष्ट्रात एकाच डोंगरावर सापडणारा बेडूक आहे का?

आहे, आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याची मुळं असलेल्या बडोदेकरांना तर तो गावाकडच्या वाटेवरच आहे. आंबोली टोड. झँथोफ्राइन टायगेरिना हे त्याचं नाव 2009 मध्ये लागलं. अंगावर वाघासारखे पिवळे-गडद पट्टे, आकार काडेपेटीत मावेल एवढा, आणि जगात राहायला फक्त आंबोलीचा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार. पहिल्या पावसात कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात अंडी घालतो. त्याचा भाऊबंद कोयनेकडे आहे, तो 1963 पासून माहीत आहे.

आंबोलीला धबधब्याखाली भिजायला जाणाऱ्यांनी एकच करावं: सड्यावर गाडी चढवू नये. ते रिकामं माळरान नाही.

जांभळा बेडूक घरी पाळता येईल का?

नाही. कायद्याने नाही आणि व्यवहारानेही नाही. दोन मीटर ओली माती, रोजची वाळवी आणि मे महिन्यात वाहता ओढा तुम्ही फ्लॅटमध्ये कुठून आणणार?

बघायला जायचं असेल तर?

जा, पण दर्शनाचा हट्ट धरून जाऊ नका. बडोद्याहून कोकण रेल्वेने एर्नाकुलमपर्यंत जाता येतं. पुढे इडुक्की जिल्ह्यात रेल्वे नाही, रस्त्यानेच चढायचं. मोठा बेडूक दिसण्याची शक्यता मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, तीही पावसाच्या रात्री आणि स्थानिक जाणकार सोबत असेल तरच. शाळा सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना टॅडपोलच दिसतील, आणि वर लिहिलंय तसं, मी तर तेच बघायला सांगेन. राखीव जंगलात पाय ठेवण्याआधी वनखात्याची परवानगी लागते. ती न घेता ‘आम्ही आत नेतो’ म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करून परत पाठवा.

बूट एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात नेताना स्वच्छ धुऊन, वाळवून न्या. बेडकांना मारणारी एक बुरशी चिखलातून पसरते. जळवा लागतील, मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ असू द्या, पण तेच हात मग ओढ्यात बुडवू नका. ओढ्यातले दगड उलटू नका. फोटोसाठी टॅडपोल खरवडून काढला, तर तो पुन्हा तसाच चिकटेल याची खात्री नाही, प्रवाह वाट बघत नाही. आणि फोटो टाकताना ओढ्याचं नाव, लोकेशन टाकू नका.

मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, काय काढायला सांगू?

थर्मोकोलवर जांभळा बेडूक सगळेच करतात. तिला डोंगराचा उभा छेद काढू द्या. वर पाऊस आणि झाडं, मधे कातळावरून उतरणारा ओढा आणि त्याला चिकटलेले टॅडपोल, खाली माती, वाळवीचे बोगदे, आणि सगळ्यात तळाशी बेडूक. बाजूला बारा महिन्यांची पट्टी, आणि प्रत्येक महिन्यात तो कुठल्या थरात असतो ते रंगवायचं. मे-जूनचा एक चौकोन सोडला तर मोठ्या बेडकाचा रंग सगळा तळाशीच राहील, टॅडपोलांचा जून ते सप्टेंबर ओढ्यावर. नावं देवनागरीतच लिहू दे. शिक्षकांनी ‘इंग्रजीत हवं होतं’ म्हटलं तर खाली बारीक अक्षरात जोडायला सांगा.